न्यूरोफायसिन हे ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिनचं फक्त वाहक प्रथिन आहे का? रक्तात उतरल्यावर ते काय करतं?

फक्त वाहक नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्या रात्र रात्र उठून पाणी प्यायल्या त्या याच प्रथिनापायी. त्यामुळे 'हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन' असं एका ओळीत कुणी उरकलं की मला राग येतो.

व्हॅसोप्रेसिन म्हणजे मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगणारं हार्मोन. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशी ते सुटं बनवतच नाहीत. आधी १६४ अमिनो आम्लांची सलग साखळी, म्हणजे हार्मोनचं पूर्वरूप, बनते. तिच्यात सुरुवातीच्या संकेत-तुकड्यानंतर अवघ्या ९ अमिनो आम्लांचं व्हॅसोप्रेसिन, मग ९३ चं न्यूरोफायसिन-२ आणि शेवटी ३९ चं कोपेप्टिन. म्हणजे हार्मोनच्या दहापट मोठा त्याचा सोबती. या सोबत्यात १४ सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) असतात आणि त्यांच्या जोड्यांचे ७ डायसल्फाइड बंध. हे बंध बरोबर जागी जुळले, हार्मोनचं टोक न्यूरोफायसिनच्या खाचेत बसलं, तरच साखळीची घडी नीट पडते आणि ती एंडोप्लाझमिक रेटिक्युलममधून (पेशीतल्या प्रथिनं घडवण्याच्या जागेतून) पुढे सरकते. पुढे कणिकांमध्ये (पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये) साखळी कापली जाते तरी दोघं एकमेकांना सोडत नाहीत. आतला पीएच ५.५ च्या आसपास असतो आणि त्या आम्लतेत ही पकड सगळ्यात घट्ट असते. तशा जोडीनेच ते मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात येऊन साठतात. ऑक्सिटोसिनचं न्यूरोफायसिन-१ बरोबर असंच चालतं.

ही घडी चुकली तर काय होतं, ते आमच्या घरात झालं.

गाव कऱ्हाडजवळ. आप्पांना आणि आत्याला झोपताना उशाशी कळशी लागायची, तांब्या पुरायचा नाही. आजोबांचंही तसंच होतं म्हणतात. थोरल्या काकांना मात्र काही नव्हतं, आणि ज्याला नसतं त्याला वाटतं बाकीच्यांचा मनावर ताबा नाही. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा होईपर्यंत ठणठणीत होता. मग हळूहळू सारखं पाणी मागायला लागला, रोज अंथरूण ओलं करायला लागला, आंघोळीच्या बादलीला तोंड लावायचा. काकांचं म्हणणं ठरलेलं: "जन्मला तेव्हा बरा होता ना? मग रोग कसला? आईने लाडाने लावलेली सवय आहे ही." त्यांच्यापुढे घरात कुणाची बोलायची प्राज्ञा नव्हती.

एका मे महिन्यात, घर लग्नाच्या पाहुण्यांनी भरलेलं असताना, त्यांनी फर्मान काढलं की पोराला रात्री पाणी द्यायचं नाही. आई उठली की तिला परत पाठवायचे. पहाटे पोराचं अंग तापलेलं, ओठ चिरलेले, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. आणि तरीही चड्डी ओलीच! शरीर कोरडं पडलं होतं आणि मूत्रपिंडं पाणी सोडतच होती. सवयीने पाणी पिणाऱ्याचं पाणी तोडलं तर त्याची लघवी कमी होते, पिवळी होते. त्याची नळाच्या पाण्यासारखी होती, रंग नाही की वास नाही.

दवाखान्यात रक्तातलं सोडियम चढलेलं निघालं, साखर नॉर्मल. तो सावरल्यावर पुण्याला नेलं. तिथे डॉक्टरांच्या नजरेखाली, तासातासाला वजन करत पाणी थांबवून बघितलं. लघवी घट्ट झाली नाही, डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं कृत्रिम औषध) दिल्यावर झाली. निदान: डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी याचा काही संबंध नाही. पीयूषिकेच्या मागच्या भागात एरवी एमआरआयवर एक पांढरा ठिपका दिसतो, तो म्हणजे हार्मोन आणि न्यूरोफायसिनचा साठा. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली, त्याच्या फिल्मवर ती जागा नुसती करडी होती.

पुढे जनुकीय तपासणीत दोष न्यूरोफायसिनच्या भागात सापडला. अशा बहुतेक कुटुंबांत तो तिथेच असतो, हार्मोनमध्ये नाही. आईवडिलांपैकी एकाकडून बिघडलेली एक प्रत आली तरी पुरते, म्हणून प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. काका सुटले, मीही सुटले; यात कुणाचा संयम नाही की कुणाचे लाड नाहीत. चुकीच्या घडीचं प्रथिन पेशीतच अडकून साचत जातं आणि त्या पेशी हळूहळू मरतात. याला काही महिने ते काही वर्षं लागतात. म्हणूनच मूल जन्मतः बरं असतं! काका ज्या मुद्द्यावर आयुष्यभर अडून बसले, तो मुद्दा याच रोगाचं लक्षण आहे.

अजून कुणाला पटत नसेल तर ब्रॅटलबरो उंदीर बघा. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या ब्रॅटलबरो गावातून आलेला हा वाण पाण्यावर तुटून पडतो. १९८४ मध्ये कळलं की त्याच्या जनुकात न्यूरोफायसिनच्या भागातलं एकच अक्षर गळालंय. व्हॅसोप्रेसिनचा भाग शाबूत, तरी रक्तात व्हॅसोप्रेसिन नाही.

तुमचा दुसरा प्रश्न. रक्ताचा पीएच ७.४, शिवाय तिथे सगळं पातळ होतं, त्यामुळे जोडी लगेच सुटते. त्यानंतर न्यूरोफायसिनचं स्वतःचं हार्मोनसारखं काम सिद्ध झालेलं नाही. परीक्षेत 'वहन, साठवण आणि पूर्वरूपाची योग्य घडी' असं लिहा. तिसरा मुद्दा गाळू नका.

भाऊ आता डेस्मोप्रेसिनची गोळी घेतो, नोकरी करतो, रात्री झोपतो. तुमच्या ओळखीत कुणी थोरलं माणूस अशा पोराच्या उशाचं पाणी काढून घेत असेल, तर मान न ठेवता अडवा. अर्थात, खूप पाणी पिणाऱ्या प्रत्येक मुलाला हेच असतं असं नाही. आधी साखर तपासा. मूत्रपिंडच हार्मोनला दाद देत नाही असाही एक प्रकार आहे, त्यात हे औषध सहसा चालत नाही. पाणी बंद करून बघण्याची चाचणी घरी कधीही करू नका. आणि डेस्मोप्रेसिन डॉक्टरांच्या मापानेच घ्या, कारण औषध जास्त झालं आणि पाणी पिणं तसंच चालू राहिलं तर सोडियम उतरून झटके येतात.