पर्यावरणाचं संशोधन जागतिक करारांपर्यंत पोहोचतं का?

तुम्ही विचारलंय की पीएचडी करताना छापलेले पेपर जागतिक धोरणं ठरवणाऱ्यांपर्यंत कधी जातात का. एकटादुकटा पेपर सहसा कुठेच जात नाही. मी हवेच्या मोजमापांवर काम करते, म्हणून ओझोनचं उदाहरण देते. ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण सांगितलं जातं अर्धवट.

शास्त्रज्ञांनी धोका दाखवला आणि जग शहाणं झालं, इतकं ते सोपं नव्हतं. तेव्हा फ्रीजमध्ये भरल्या जाणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) या रसायनांमुळे ओझोनचा थर विरळ होऊ शकतो, असं मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. ही रसायनं आवरणाऱ्या मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या १९८७ मध्ये. मधल्या काळात, १९८५ साली, ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरची निरीक्षणं छापली आणि ओझोनचं छिद्र जगाला कळलं. तिथली मोजणी १९५६ पासून चालू होती. असल्या रटाळ नोंदींना पैसे मिळवणं तेव्हाही कठीण होतं, आजही आहे. गंमत म्हणजे सह्या झाल्या तेव्हा छिद्राच्या कारणावर शास्त्रज्ञांचंही पुरतं एकमत नव्हतं. मूळ करारही मिळमिळीतच होता: शतक संपेपर्यंत सीएफसी निम्म्यावर आणायचे, एवढंच.

खरी हुशारी मला त्याच्या सहाव्या कलमात दिसते. दर चार वर्षांनी निदान एकदा तज्ज्ञांनी विज्ञान, पर्यावरण, तंत्रज्ञान आणि अर्थकारण यांचा आढावा घ्यायचा आणि देशांनी त्यावरून निर्बंध तपासायचे, असं तिथे लिहून ठेवलंय. शिवाय यादीतल्या रसायनांच्या मुदती आवळायच्या तर प्रत्येक देशाकडून नव्याने मंजुरी घ्यावी लागत नाही. म्हणून १९९० मध्ये लंडनला 'निम्मे' चं 'पूर्ण बंद' होऊ शकलं. तंत्रज्ञानाच्या समितीत उद्योगांतली माणसंही बसतात. फ्रीजमध्ये सीएफसीऐवजी काय भरायचं, हे वातावरणशास्त्रज्ञ कुठून सांगणार?

भारत आणि चीन मात्र तोवर बाहेरच होते. पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च कोण उचलणार, हा त्यांचा सवाल रास्त होता आणि तो कुठल्याही पेपरने सुटणारा नव्हता. लंडनमध्ये विकसनशील देशांसाठी निधी ठरला, मग १९९२ मध्ये भारत आत आला.

सह्यांनंतरही मोजणी थांबली नाही, हे फार कामी आलं. २०१० नंतर जगभर बंदी असलेल्या सीएफसी-११ चं हवेतलं प्रमाण अपेक्षेइतकं घटत नाहीये, हे २०१८ मध्ये उघड झालं. पुढच्याच वर्षी कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून या नव्या उत्सर्जनातल्या मोठ्या वाट्याचा माग पूर्व चीनपर्यंत लागला. त्यानंतर उत्सर्जन पुन्हा घटलं.

हवामानबदलात हा आढाव्याचा भाग आयपीसीसी ही संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती करते. २०२१ च्या अहवालाचे लेखक २३४ होते आणि त्यांनी १४ हजारांहून जास्त पेपर विचारात घेतले. त्याचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून मंजूर करतात. त्यात धार बोथट होते, ही टीका खरी आहे. पण मंजूर केल्यावर 'आम्हाला हे मान्य नाही' म्हणायची सोय उरत नाही, म्हणून मला हा सौदा परवडतो. अडतं ते पुढे: पॅरिस करारात प्रत्येक देश आपलं लक्ष्य आपणच ठरवतो. नवं विज्ञान आलं तरी त्या लक्ष्याची मुदत दुसरं कोणी आवळू शकत नाही.

तुम्ही काय करावं? आकडेवारी आणि पद्धत खुली ठेवा, म्हणजे आढावा घेणाऱ्याला तुमचा पेपर इतरांच्या शेजारी मांडता येईल. आयपीसीसीच्या प्रत्येक अहवालासाठी पेपर स्वीकारले जाण्याची शेवटची तारीख आधीच जाहीर होते, तिच्यावर डोळा ठेवा. आणि अहवालाच्या कच्च्या मसुद्यावर परीक्षक म्हणून नाव नोंदवा. निमंत्रण लागत नाही, आपल्या विषयातलं काम दाखवलं की पुरतं. मानधन नाही, पण लेखकांना प्रत्येक शेऱ्याची दखल घ्यावी लागते आणि त्यांची उत्तरं नंतर प्रसिद्ध होतात.