सिडनीतला बेनेलॉन्ग हा संसदेचा मतदारसंघ खरंच लिबरल पक्षाचा बालेकिल्ला आहे का? तिथे माझ्या मताला काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की सिडनीत राइडला घर घेतलं, नुकतंच नागरिकत्व मिळालं, आणि शेजारी सांगतात, “ही हॉवर्डची सीट. 2007 मध्ये त्यांना जास्त मतं पडली, तरी पाडलं. चिनी मतांनी पाडलं. इथे मत देऊन काय होणार?” हे शेजाऱ्यांचं बोलणं आपल्या मराठी घरांतही वर्षानुवर्षं चालतं. म्हणून आधी तेच खोडतो.

24 नोव्हेंबर 2007. जॉन हॉवर्ड 1974 पासूनचे इथले खासदार आणि 1996 पासूनचे पंतप्रधान. समोर लेबर पक्षाच्या मॅक्सीन मॅक्यू, आधीच्या पत्रकार. पहिल्या पसंतीची मतं हॉवर्डना 45.5 टक्के, मॅक्यूंना 45.3. फरक दीडशे मतांच्याही आतला. इथवर शेजारी बरोबर आहेत. पण इथे जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ती दोघांकडेही नव्हती. मग तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती कोणाची आहे ते बघून ती त्या गठ्ठ्यात टाकायची, आणि दोघेच उरेपर्यंत हेच करत राहायचं. इतर उमेदवारांची मिळून जेमतेम 8,000 मतं होती. त्यातली सुमारे दोन तृतीयांश मॅक्यूंकडे गेली. त्यात मोठा वाटा ग्रीन्स पक्षाचा. शेवटी मॅक्यू 51.4, हॉवर्ड 48.6. पसंतीक्रम मतदारानेच स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. त्याला ‘पाडलं’ म्हणणं चूक आहे. हॉवर्ड हरले.

आणि ‘चिनी मतांनी’? मतदारसंघातल्या ईस्टवुड भागातल्या चिनी आणि कोरियन वस्तीचा परिणाम मी नाकारत नाही. पण आकडा बघा. बेनेलॉन्गमध्ये लेबरकडे सुमारे साडेपाच टक्के मतं सरकली, आणि संपूर्ण देशातही जवळपास तेवढीच. कामगार कायद्यांवरचा, म्हणजे ‘वर्कचॉइसेस’वरचा राग देशभर होता. हा मतदारसंघ देशाबरोबर सरकला, इतकंच. फक्त 2007 पर्यंत भिंत इतकी पातळ झाली होती की तेवढा धक्का पुरला. 2004 मध्येच हॉवर्ड पहिल्या पसंतीत निम्म्याच्या किंचित खाली आले होते आणि ग्रीन्सच्या अँड्र्यू विल्कींनी 16 टक्के मतं घेतली होती. ज्यांनी तो निकाल नीट वाचला त्यांना 2007 चं आश्चर्य वाटलं नाही.

बालेकिल्ला म्हणावा असा काळ होता, हे खरं. 1949 मध्ये मतदारसंघ झाल्यापासून जॉन क्रेमर आणि मग हॉवर्ड, अशी सलग 58 वर्षं लिबरलची. 2010 मध्ये टेनिसपटू जॉन अलेक्झांडर यांनी तो परत घेतला. 2017 च्या डिसेंबरात दुहेरी नागरिकत्वाच्या प्रकरणावरून पोटनिवडणूक झाली, समोर लेबरच्या क्रिस्टिना केनिली होत्या, तरी अलेक्झांडर यांनी तो 55 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन राखला. 2022 मध्ये राइडचे माजी महापौर जेरोम लॅक्सेल यांनी तो लेबरकडे आणला, मताधिक्य एक टक्क्याच्या आसपास.

आता तुमच्या मताचं. हिरवी मतपत्रिका प्रतिनिधिगृहाची. तिच्यावरच्या प्रत्येक चौकोनात 1, 2, 3 असे क्रमाने आकडे लिहायचे. फक्त 1 लिहून सोडलंत किंवा एकच आकडा दोनदा आला तर मत बाद. आपली माणसं नेमकी इथे फसतात, कारण न्यू साउथ वेल्सच्या राज्य निवडणुकीत फक्त 1 लिहिलं तरी चालतं. चूक झाली तर खाडाखोड करू नका, मतपत्रिका परत देऊन नवी मागा. पांढरी मतपत्रिका सिनेटची: तिच्यावरच्या आडव्या रेषेच्या वर, म्हणजे पक्षांच्या, किमान 6 चौकोनांत, किंवा रेषेखाली, म्हणजे उमेदवारांच्या, किमान 12 चौकोनांत क्रमाने आकडे लिहायचे. दारात कार्यकर्ते देतात तो कागद म्हणजे त्या पक्षाची सूचना. ती पाळायचं बंधन नाही. यादीत नाव आणि पत्ता आताच तपासा. निवडणुकीचा आदेश निघाला की सातव्या दिवशी रात्री आठला यादी बंद होते. मतदानाला न जाता घरी बसलात तर दंडाची नोटीस येते.

आणि शेजाऱ्यांना हेही सांगा. 2024 च्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत नॉर्थ सिडनी मतदारसंघ रद्द झाला, त्यातले हंटर्स हिल आणि लेन कोव्हसारखे जुने लिबरल वळणाचे भाग बेनेलॉन्गला जोडले गेले. आधीची मतं नव्या सीमांत मांडली तर कागदावर सीट पुन्हा लिबरलकडे झुकली, ती 0.04 टक्क्यांनी. म्हणजे काही डझन मतांनी. 2025 मध्ये त्याच सीमांवर लॅक्सेल सुमारे 59 टक्क्यांनी निवडून आले. ज्या भागांवर भरवसा ठेवला, त्यांचाही कौल कायमचा बांधलेला नसतो.

एक मात्र मान्य करतो. भारतासारखी ‘ज्याला जास्त मतं तो विजयी’ पद्धत असती तर 2007 मध्ये हॉवर्ड जिंकले असते, हे शेजाऱ्यांचं गणित कागदावर बरोबर आहे. पण तशी पद्धत असती तर ग्रीन्सच्या कित्येक मतदारांनी पहिलंच मत मॅक्यूंना दिलं असतं. फरक दीडशेच्या आतला असताना तेवढ्यानेही निकाल फिरला असता.