समुद्रकाठी लेकरांना नेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जूनमध्ये कोकणातल्या कॉटेजची भाडी उतरतात म्हणे. चार आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन तेव्हाच जावं का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नका जाऊ. पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो, पण समुद्र त्याआधीच खवळतो. जलक्रीडा आणि प्रवासी होड्या 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतात, 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. एप्रिलअखेर ते मेचा मध्य हाच काळ धरा.

तिथे पारा 33-34 च्या आसपास असतो आणि तिथेच नागपूरकरांचा अंदाज चुकतो. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. कोकणात हवा दमट, घाम अंगावरच राहतो आणि लहान मुलांना घामोळ्या येतात. कूलरही तिथे काम देत नाही. म्हणून एसी आहे का एवढंच विचारू नका, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे किती तास चालतात तेही विचारा. आणि वाडीतल्या विहिरीला उंच कठडा व जाळी आहे ना, हे फोटो मागवून बघा. घरचे सगळे समुद्राकडे डोळे लावून असतात, विहिरीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

प्रश्न : मुलांना पाण्यात नेमकं कधी न्यावं? भरती-ओहोटीचं आम्हाला काही कळत नाही.
– एक वाचक, महाल

उत्तर : स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी-नंतर, म्हणजे नऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा गावातल्या कोळ्यांना विचारून खात्री करा.

यावरूनच मुक्कामाच्या तारखा ठरवा. त्रयोदशी ते द्वितीया संध्याकाळी ओहोटी असते, चतुर्थी ते षष्ठी सकाळी. दोन्ही वेळा ऊन सौम्य आणि वाळू मोकळी. अष्टमी ते एकादशी ओहोटी भर दुपारी येते, ते दिवस शक्यतो टाळा.

ओहोटीत ओल्या वाळूत खेळू द्या, पाण्यात नेऊ नका, कारण पाणी आत ओढतं. भरती सुरू होऊन पाणी किनाऱ्याकडे परत येऊ लागलं की घोट्यापर्यंत न्या, लहानग्याचा हात धरून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी भराभर चढतं, म्हणून मुलांना खडकांवर सोडू नका, परतीची वाट बुडते. खडकांवरची कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले धारदार शिंपले, तळपाय कापतात, तेव्हा मागे पट्टा असलेली सँडल हवीच. खाडीच्या मुखाशी पोहणं कोणत्याच वेळी नाही. पोरांचे कपडे भडक नारिंगी घ्या, निळा रंग पाण्यात दिसत नाही.

बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने अंघोळ घाला. खारट पाणी अंगावर वाळलं की खाज सुटते. जांघेतली वाळू मात्र आधी पाण्याने काढा, टॉवेलने घासली तर कातडी सोलवटते. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटे चमचे वापरून, थोडं थोडं पाजत राहा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : रेल्वेत मुलांचं तिकीट कसं काढायचं?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांखालच्या मुलाला बर्थशिवाय अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासात सात वर्षांच्या मुलाला बर्थ घ्याच. मुंबईकडे गाडी बदलणार असाल तर मध्ये किमान चार तास ठेवा, कारण पहिली गाडी उशिरा पोचली की पुढचं आरक्षण हातचं जातं.