निळ्या टॉर्चखाली दिसणारे ठसे

प्रश्न: आम्ही लग्नाला गेलो असताना अमळनेरच्या घरी चोरी झाली. पोलिसांसोबत ठसेवाले आले, खिडक्या बंद करायला लावल्या, नारिंगी चष्मे घातले आणि कपाटावर निळी टॉर्च मारत बसले. आई सारखी विचारत होती, "हाई काय शे?" पावडर नंतर थोडीशीच मारली. आणि वर आमच्याच सगळ्यांचे ठसे घेतले, बाबांच्या फार मनाला लागलं ते. आम्ही काय चोर आहोत का?

उत्तर: आधी बाबांचं सांगतो. तुमचे ठसे घेतले ते तुम्हाला बाजूला काढायला. कपाटाच्या हँडलवर वर्षभर घरच्यांचेच हात लागलेले असतात, मग त्यात परका ठसा कोणता हे कळणार कसं? घरच्यांचे ठसे समोर ठेवून ते एकेक वगळायचे आणि जो कुणाशीच जुळत नाही त्याच्या मागे लागायचं, एवढंच आहे ते. पण हे दोन वाक्यांत घरच्यांना आधी सांगायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे, चोरी झालेल्या घरात माणसं आधीच खचलेली असतात.

आता निळ्या उजेडाचं. काही पदार्थ असे असतात की त्यांच्यावर निळा उजेड पडला की ते तो शोषून घेतात आणि स्वतः पिवळा-हिरवा किंवा नारिंगी उजेड बाहेर टाकतात, याला फ्लुरोसन्स म्हणतात. हा उजेड इतका मंद असतो की दिवसा काजवा दिसत नाही तसं होतं, म्हणून खोलीत अंधार करायचा. आणि कपाटावरून परत येणारा निळा झोत डोळ्यात शिरला तर काहीच दिसणार नाही, तर तो अडवायला नारिंगी चष्मा, आणि कॅमेऱ्यालाही तसलाच फिल्टर, मग स्टँडवर कॅमेरा लावून काही सेकंदांचं एक्सपोजर. साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा उजेड असतो हा. घामाचा ठसा नुसता असा चमकेलच असं नाही, बऱ्याचदा नाहीच चमकत, पण बोटाला तेल, क्रीम, खाण्याचं काही लागलेलं असलं तर शक्यता वाढते. हळद तर निळ्या उजेडात छान चमकते, लग्नाच्या दिवसांत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे!

आणि पावडर नंतर मारली ते अगदी बरोबर केलं. उजेडाने ठशाला धक्का लागत नाही, ब्रश फिरला की लागू शकतो, म्हणून आधी डोळ्यांनी बघायचं, मग उजेड, फोटो, आणि मग पावडर. चमकणारी पावडरही मिळते, रंगीबेरंगी बिस्किटच्या पुड्यावर किंवा छापील डब्यावर काळी पावडर नक्षीत हरवून जाते तिथे ही कामाला येते, कारण मागची नक्षी काळी पडते आणि ठसा तेवढा उठून दिसतो.

ही पद्धत तशी जुनी आहे, 1977 साली कॅनडातल्या संशोधकांनी लेझरने ठसे चमकवून दाखवले होते, पण तेव्हाचं लेझर मशीन म्हणजे मोठं धूड, लॅबमध्येच राहायचं. आता एलईडी आणि बॅटरीमुळे तेच काम एका बॅगेत मावतं आणि तुमच्या अमळनेरच्या घरापर्यंत येतं.

प्रश्न: रावेरला आमची केळीची वखार आहे, गल्ला फुटला. ऑनलाइन यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च स्वस्तात मिळते, ती घेऊन मोबाईलवर आपणच ठसे काढले तर?

उत्तर: नका काढू, कळकळीने सांगतो. यूव्हीखाली कपडे धुवायची पावडर चमकते, कागद चमकतो, लघवीचे डाग चमकतात, आणि ठसा सापडेलच याची काही खात्री नाही. तुम्ही शोधत फिराल तोवर तुमचेच हात सगळीकडे लागतील आणि खरा ठसा पुसला जाईल. शिवाय डोळ्यांना धोका, आणि काही प्रकारच्या तीव्र यूव्हीने डीएनएचा पुरावाही खराब होतो. शटर अर्धवट आहे तसं राहू द्या, गल्ल्याला हात लावू नका, झाडू मारू नका, पोलिसांना फोन करा आणि बाहेर थांबा.

प्रश्न: धुळ्याला लॉ करतोय. असा फोटो कोर्टात चालतो का? ठसा जुळला म्हणजे गुन्हा सिद्ध?

उत्तर: चालतो, पण नीट काढलेला हवा. ठशाशेजारी मोजपट्टी पाहिजे म्हणजे खऱ्या मापाचा फोटो काढता येतो, मूळ फाईल जशीच्या तशी पाहिजे, आणि डिजिटल पुरावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. तज्ज्ञाचं मत कलम 39 खाली येतं. कॉम्प्युटर फक्त जवळचे ठसे काढून देतो, जुळला की नाही हे शेवटी तज्ज्ञ माणूस ठरवतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली, तिच्या कलम 176 मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं असं आहे, मात्र ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. मला वाटतं तालुक्याच्या गावांना ही बॅग लवकर मिळायला हवी, कारण जिल्ह्याहून गाडी येईपर्यंत चार शेजारी आत येऊन गेलेले असतात.

सिद्ध होण्याचं म्हणाल तर 1898 चं बंगालमधल्या जलपायगुडीचं प्रकरण वाच. चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून झाला होता, पंचांगावर रक्ताने उमटलेला अंगठ्याचा ठसा सापडला, तो जुन्या नोकराचा निघाला. कोर्टाने त्याला चोरीत दोषी धरलं, खुनात नाही. ठसा सांगतो की हात इथे लागला होता, कधी लागला आणि कशासाठी ते तो सांगत नाही, ठशाचं वय खात्रीने सांगणारी पद्धत आजही नाही.

प्रश्न: शहाद्याला उन्हाळ्यात 44-45 डिग्री असतं, ठसे टिकतात का हो?

उत्तर: काच, पत्रा, प्लास्टिक उन्हात असेल तर ठशातलं पाणी लवकर उडतं, आणि मग नेहमीची पावडर नीट धरत नाही. कागदाचं वेगळं आहे, घामातली अमिनो आम्लं कागदाच्या धाग्यात मुरून बसतात आणि वर्षानुवर्षं राहू शकतात. लॅबमध्ये निनहायड्रिन नावाचं रसायन लावलं की जांभळा ठसा उठतो, इंडेनडायोन हे दुसरं रसायन लावून हिरव्या उजेडाखाली धरलं तर तोच ठसा चमकतो. म्हणून धमकीची चिठ्ठी वगैरे आली तर कडेला धरून कागदी पाकिटात ठेवा, पाणी लागू देऊ नका, भिजलं की ती आम्लं धुऊन जातात.