वचनाच्या वरच्या ओळी

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. इतके महिने प्रार्थना करूनही मनासारखं काम मिळत नाही, यिर्मया २९:११ हे वचन, तुम्हांला भविष्य आणि आशा द्यावी असे माझे हिताचे संकल्प आहेत असं देव म्हणतो ते, खोलीत लावलं होतं आणि आता त्याच्याकडे बघवतही नाही, असं तू लिहिलंस. शेवटी विचारलंस, "माझ्या विश्वासातच खोट आहे का?" मला तसं वाटत नाही. खोट आहे ती ते एकच वचन सुटं करून एकमेकांच्या हातात देण्याच्या आपल्या सवयीत.

ते वचन एका पत्रातलं आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, अधिकारी आणि कारागीर धरून बाबेलला नेले. त्या बंदिवान लोकांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र पाठवलं. २८ वा अध्याय वाचलास तर दिसेल की हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून छातीठोकपणे सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. ऐकायला किती बरं वाटलं असेल! यिर्मयाने मात्र ७० वर्षं लिहिली. म्हणजे ते पत्र हातात घेणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तुझं आवडतं वचन देवाने या माणसांना दिलं. तुझ्या मनातल्या तारखेला तुला हवं ते देईन, असं त्यात त्याने कुठंही म्हटलेलं नाही. ती घाई हनन्याची होती.

आता अकराव्या वचनाच्या जरा वर बघ. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं करून द्या. आणि ज्या नगरात तुम्हांला बंदिवान करून नेलं, त्याच नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! मला ही आज्ञा अकराव्या वचनाहून कठीण वाटते, आणि विश्वासात वाढायचं असेल तर तीच आधी पाळायला हवी असंही वाटतं. सध्याच्या कामाला तू "नुसता वेळ काढणं" म्हणतेस. तिथं तुझ्या शेजारी बसणारी माणसं आहेत, तुझ्यावर डाफरणारे वरिष्ठ आहेत. त्यांचं नाव घेऊन तू कधी प्रार्थना केलीस का? "मला इथून काढ" ही प्रार्थना चुकीची नाही, ती चालू ठेव. पण तिच्या जोडीला त्या माणसांचं भलं माग, आणि हातातलं काम देवासमोर करतेय अशा मनाने नीट कर. पहिले काही दिवस ते तोंडदेखलं वाटेल. वाटू दे.

मग ३२ वा अध्याय काढ. त्या बंदिवासानंतर सुमारे दहा वर्षांची गोष्ट आहे. यरुशलेमेला वेढा पडला आहे आणि यिर्मया नंतर गादीवर आलेल्या राजाच्या कैदेत आहे. तिथं त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, आपल्या गावातलं, अनाथोथातलं, माझं शेत विकत घे, जवळचा नातेवाईक म्हणून ते सोडवण्याचा हक्क तुझा आहे. मुलूख शत्रूच्या हाती गेलेला असताना शेत घ्यायचं! पण हे परमेश्वराकडून आहे हे यिर्मया ओळखतो आणि १७ शेकेल रुपे तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडे देतो आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. हा कागदपत्रांचा तपशील मला फार आवडतो. देवावर भरवसा आहे म्हणून व्यवहार कसातरी उरकला, असं त्याने केलं नाही. तूही अर्ज नीट लिही, मुलाखतीची तयारी कर, जाणत्या माणसांना विचार. तयारी केल्याने विश्वास कमी पडतो असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस.

खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो. सुरुवातीला म्हणतो की प्रभू, तुला अशक्य असं काही नाही. आणि शेवटी जवळजवळ तक्रारच करतो: वेढ्याचे मोर्चे भिंतीला भिडलेत, नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! आज्ञा पाळून झाली आहे आणि मनातला गोंधळ अजून तसाच आहे. एकाच माणसाच्या एकाच प्रार्थनेत दोन्ही मावतं. म्हणून तुझ्या प्रश्नांना घाबरू नकोस. ते देवापाशीच ने, तुझ्या नेहमीच्या शब्दांत. शब्दच सुचत नसतील तर ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी पवित्र शास्त्रात आहे.

त्या शेतात यिर्मया कधी राबला असं कुठंही लिहिलेलं नाही. पुढे लोक त्याला मिसरात घेऊन गेले.

हे वाचून तू खचशील की काय, अशी थोडी धास्ती वाटते. पण खोटा दिलासा मी तुला देणार नाही. मंडळीत साक्ष द्यायला बहुतेक तेच उभे राहतात ज्यांना मागितलेलं मिळालं, आणि मागे बसलेल्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळालं आणि त्या उत्तरावर तो पुढे जगला. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तुझ्या मंडळीत अशी माणसं आहेत, वर्षानुवर्षं एखादं दुखणं किंवा घरातलं दुःख सोसत प्रभूला धरून राहिलेली. ती स्वतःहून बोलायची नाहीत. त्यांच्यापाशी जाऊन बस आणि विचार की कठीण दिवसांत ती प्रार्थना कशी करतात. माझ्या पत्रातून मिळणार नाही असं पुष्कळ काही तुला तिथं मिळेल.

वचनाचा तो कागद काढून टाकू नकोस. त्याच्या वर चौथ्यापासून दहाव्यापर्यंतची वचनं तुझ्या हाताने लिहून लाव. रोज सकाळी सगळं एकत्र वाच आणि त्या दिवसाचं एकच काम देवाला विचार: कुणाला क्षमा करायची, कुणाचे पैसे परत करायचे, कुठं गप्प राहायचं. उत्तर स्पष्ट ऐकू आलं नाही तरी जे योग्य आहे ते बहुतेक वेळा तुला ठाऊकच असतं. ते कर.

आणि रविवारची उपासना चुकवू नकोस. गीत म्हणवत नसेल तर नुसती उभी राहा, बाकीचे तुझ्या वाटचं म्हणतील. सोमवारी तुझ्या मुलाखतीच्या वेळी मी प्रार्थनेत असेन. निकाल काहीही लागो, मला लिही.

प्रभूमध्ये तुझा,
काका