शिल्पासारखी दिसणारी आणि तरीही आरामदायी अशी लक्झरी आर्मचेअर कशी डिझाइन करावी?

तुम्ही लिहिलंय की आकार पक्का झालाय, थ्रीडी रेंडर तयार आहे, आता फक्त फोम कोणता आणि वरून लेदर की बुक्ले (गाठीगाठींच्या, लूपदार धाग्याचं कापड) एवढंच ठरायचं राहिलंय. माझा उलट प्रश्न आहे: त्या खुर्चीत आजवर कोण बसलंय? आकार आधी ठरवून आराम नंतर त्यात भरायचा हा क्रमच मला मान्य नाही. यावरून माझ्या जुन्या ऑफिसात मी इतकी भांडलेय की उत्तर लांबणार.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचं इंटिरिअर आमच्याकडे होतं. दिवाणखान्यात एकच खास खुर्ची हवी होती आणि ती घरातल्या आजींसाठी. आजी जेमतेम पाच फूट, गुडघे दुखरे, आणि एक पाय वर घेऊन पेपर वाचायची आयुष्यभराची सवय. आमच्या सरांनी स्केच दिलं: जमिनीलगतचा मोठा गोलाकार शेल (म्हणजे पाठ-बाजू एकत्र असलेलं कवच), बैठक पुढून मागे २४ इंच खोल, खुर्चीचे हात पुढे येता येता उतरत नाहीसे झालेले. कागदावर देखणं होतं, नाकारत नाही. सर प्रत्येक वेळी डॅनिश आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनच्या ‘एग’ खुर्चीचा दाखला द्यायचे. त्याने आधी शिल्प केलं, माणसं मागून येऊन बसली, असं त्यांचं म्हणणं.

मी मिस्त्रींकडच्या उरलेल्या प्लायमधून एक सांगाडा करून घेतला. दोन्ही बाजूंना भोकं, बोल्ट काढून बैठक वर-खाली, पुढे-मागे करता येईल, पाठीचा कलही बदलता येईल असा. वर फोम आणि मांजरपाट. तो टेम्पोत घालून नाशिकला नेला आणि आजींना त्यात पेपर वाचत बसवलं. २४ इंचांवर त्यांची पाठ टेकायची तेव्हा पाय अधांतरी, आणि पाय टेकले की कमरेमागे पोकळी. बैठकीची कड गुडघ्यामागे रुतत होती, थोड्याच वेळात पायांना मुंग्या आल्या. खोली कमी करत साडेअठरावर आणली आणि आजी चुळबुळ करायच्या थांबल्या.

मग उठायची वेळ आली. माणूस खुर्चीतून उठताना काय करतो ते नीट बघा. आधी टाचा मागे, बैठकीखाली घेतो, मग हातांवर भार देऊन पुढे झुकतो. सरांच्या शेलचं पोट नेमकं तिथेच फुगलेलं, टाचांना जागाच नाही. आणि पुढे धरायला हात नाहीत. म्हणून मी शेल खालून आत घेतला आणि दोन्ही हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आणून टोकाशी मुठीत मावतील इतके गोल केले. पाय वर घेता यावा म्हणून आतली रुंदी वाढवली. खुर्चीचं आज जे रूप दिसतं ते या तीन गोष्टींतून आलंय. खालून आत गेल्यामुळे ती जमिनीपासून सुटल्यासारखी वाटते. पाहुणे तिच्याभोवती फिरून बघतात. आजी रोज त्यात बसतात आणि कोणाचा हात न धरता उठतात. सर मात्र आजही तिला ‘तडजोड’ म्हणतात.

त्यांच्याच लाडक्या याकोबसेनचं घ्या. १९५८ ची एग कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी होती. तो तिचा आकार घरच्या गॅरेजमध्ये तारा आणि प्लास्टर घेऊन शोधत होता, हातांनी. आणि त्या उंच बाजूंमुळे गजबजलेल्या लॉबीत बसणाऱ्याला आडोसा मिळतो, म्हणजे बसणारा तिथेही आहेच. आर्किटेक्ट एरो सारिननची १९४८ ची ‘वूम्ब’ खुर्ची तर नोल या फर्निचर कंपनीच्या फ्लोरेन्स नोलने पाय वर घेऊन, अंग चोरून बसता येईल अशी खुर्ची मागितली म्हणून झाली. तेवढा मोठा फायबरग्लासचा शेल करायला त्यांना नावा बांधणाऱ्या कारागिराकडे जावं लागलं. नाशिकच्या आजींची मागणी याहून वेगळी नव्हती.

या खुर्च्यांची मापं मात्र जशीच्या तशी उचलू नका. भारतीय शरीराची मापं अहमदाबादच्या एनआयडीने (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९९७ मध्ये प्रसिद्ध केली आहेत, ती वापरा. आणि बैठकीची उंची नेहमी माणूस बसून फोम दबल्यावर मोजा. चार इंची फोम दीड-दोन इंच सहज बसतो आणि ड्रॉइंगमधली १७ इंच प्रत्यक्षात १५ होते.

फोमबद्दल विचारलंत म्हणून: ‘४० डेन्सिटी म्हणजे कडक’ असं दुकानदार सर्रास सांगतात, ते चूक आहे. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, किलोत. त्यावरून तो किती टिकेल याचा अंदाज येतो. मऊ-कडकपणा वेगळा मोजतात. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. बैठकीला खाली इलॅस्टिकच्या पट्ट्या, त्यावर एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दबून पुन्हा चटकन वर येणारा) फोम, वर इंचभर मऊ थर. पाठीला बैठकीपेक्षा मऊ फोम लागतो. सगळीकडे एकच फोम कापून लावणारा कारागीर असेल तर बदला.

माझी मापं एका आजींची आहेत, तुम्ही सहा फुटी माणसासाठी करत असाल तर ती चालणार नाहीत. हॉटेलच्या लॉबीसाठी करत असाल तर माणसं थोडाच वेळ बसतात, तिथे आकाराला जास्त मोकळीक घ्या. कोणाला पाठीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून कल ठरवा.

लेदर की बुक्ले? दोन्ही दिशांनी वळणाऱ्या शेलवर लेदर शिवणी घेतल्याशिवाय बसत नाही, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. बुक्ले वळणावर ताणून छान बसतं, पण घरात मांजर असेल तर त्याचे धागे निघणारच. शिवणी कुठे येतील ते आधी मांजरपाटावर पेन्सिलने आखून बघा, आणि तोच मांजरपाट चढवलेली खुर्ची घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला तासभर वापरायला द्या. साच्याचे पैसे त्यानंतर भरा. तुमचे आर्किटेक्ट याला वेळेचा अपव्यय म्हणाले, तर आधी त्यांनाच त्यात बसवा.