वडिलांनंतर पीएम किसानचा हप्ता: आईचं नाव सातबाऱ्यावर लावावं का?

तुम्ही विचारलंय, वडील वारल्यापासून पीएम किसानचा हप्ता बंद आहे, तो माझ्या नावावर कसा घ्यायचा, आणि त्यासाठी आईचं नाव सातबाऱ्यावर लावायची गरज आहे का. दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आईचं नाव लागलंच पाहिजे. हिंदू वारसा कायद्यात बायको ही पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलामुलींइतकाच तिचा वाटा. ते कुणाच्या मर्जीवर नाही.

माझे मिस्टर मे २०२१ मध्ये कोरोनाने गेले. लातूर जिल्ह्यात आमची जमीन, दोघा भावांचं सामाईक खातं. वारस नोंदीचं विचारलं की भाऊजी म्हणायचे, घाई काय आहे, जमीन कुठे पळून चाललीय? वर्षभर मीही गप्प बसले. मग मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी मिस्टरांचं पासबुक भरून आणलं आणि बँकेच्या पायरीवरच वाचत बसले. ऑगस्ट २०२१, दोन हजार जमा. जानेवारी २०२२, दोन हजार. मे अखेरीला आणखी दोन हजार. प्रत्येक जमेखाली दोन-तीन दिवसांत एटीएममधून काढल्याची नोंद. कार्ड भाऊजींकडे होतं. पुढे ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आली, गेलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणणार? हप्ता थांबला. नंतर वसुलीची नोटीस आली ती माझ्या दारात, आणि ते सहा हजार मी भरले.

त्यानंतर वारस नोंदीचा अर्ज केला. भाऊजींचं म्हणणं, नाव मुलाचं लावा, अज्ञान मुलाचा पालनकर्ता (अ.पा.क.) म्हणून मी राहतो. म्हणजे सातबाऱ्यावर माझ्या लेकाचं नाव, त्यापुढे 'अ.पा.क. काका', आणि मी कुठेच नाही. पंधरा दिवसांच्या नोटिशीत त्यांनी हरकत घेतली. मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) मंजूर झाला. आता माझं नाव आहे, मुलांपुढे 'अ.पा.क. आई' आहे. जुलै २०२३ मध्ये पहिला हप्ता माझ्या स्वतःच्या खात्यात आला, ऑक्टोबरात राज्याच्या नमो शेतकरी योजनेचाही.

म्हणून तुम्हाला सांगते, आईकडून हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला हक्क सोडल्याचा कागद, करून घेऊ नका. 'सहीच तर करायचीय' म्हणत माझ्या नणंदेकडून असंच घेतलं, आज तिला विचारायलाही कुणी जात नाही. आधी मृत्यू दाखला देऊन सगळ्या वारसांची नोंद करा, बहिणींसकट. फेरफार हातात आला की नवीन नोंदणी करा. जमीन वारसाने आली असेल तर १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर असण्याची अट आड येत नाही, मात्र वडिलांच्या नावावर ती त्याआधीपासून असायला हवी. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन बघा, बरेच हप्ते तिथेच अडकतात. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, तोही लागतो.

योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. तुम्ही सज्ञान असाल तर तुमचं कुटुंब वेगळं धरतात, त्यामुळे आईचा अर्ज तिच्या नावाने वेगळा करा. हां, घरात कुणी आयकर भरत असेल, सरकारी नोकरीत असेल किंवा दहा हजार वा त्याहून जास्त पेन्शन घेत असेल तर ते कुटुंब बसत नाही; नोकरी-पेन्शनच्या अटीतून चतुर्थ श्रेणीवाले तेवढे सुटतात. आणि वडील गेल्यानंतर त्यांच्या खात्यात हप्ते आले असतील तर ते काढू नका, परत मागतात.

भाऊजी अजून चारचौघांत सांगतात की दोन हजारांपायी हिने घर फोडलं. बांध होता तिथेच आहे, सोयाबीन आजही दोघांचं एकाच मळणीयंत्रावर निघतं. फक्त माल विकल्याची पट्टी आता माझ्या नावाने होते.